‘पाहिलाय’ म्हणण्याआधी

या महिन्यात सिनेमावर आलेली बहुतेक पत्रं किनारपट्टीवरची आहेत, आणि निम्म्याहून अधिक पत्रांत सूर एकच: सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा आम्हाला का आवडत नाही? आवड ज्याची त्याची. पण मत देण्याआधी आपण कुठली आवृत्ती पाहिली, कशावर पाहिली आणि पुरी पाहिली का, हे तपासावं असं आम्ही आग्रहानं सांगू. बरीच भांडणं तिथंच मिटतात.

प्रश्न : ‘शोले’ न पाहिलेला माणूस आमच्या गावात सापडायचा नाही. मी तीनदा लावला, तिन्ही वेळा झोप लागली. माझी आवडच वेगळी की काही चुकतंय? — एक वाचक, दापोली

उत्तर : गावातल्या ज्यांनी ‘पाहिलाय’ म्हटलं, त्यांतल्या अनेकांनी तो टीव्हीवर तुकड्यातुकड्यांनी पाहिलेला असतो. संवाद पाठ असणं म्हणजे सिनेमा पाहणं नव्हे. १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेला हा सिनेमा तीन तासांहून मोठा आहे, आणि ७० मिलिमीटरच्या रुंद पडद्याचा विचार करून बनवलेला आहे. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी त्याच्या दोन्ही कडा कापल्या गेल्या आणि जाहिरातींसाठी लांबी छाटली गेली. अशी कात्री आधी जेलर आणि सूरमा भोपाली यांच्यावर चालते, कारण ते प्रसंग काढले तरी कथा अडत नाही. विनोद मात्र जातो आणि उरतो तो नुसता सूड.

दुसरं असं, की गब्बर पडद्यावर यायलाच जवळपास तासभर जातो. रात्री साडेदहाला सिनेमा लावला तर तुम्ही त्याच्यापर्यंत पोहोचतच नसणार. दोन संध्याकाळी वाटून घ्या. ठाकूरच्या हातांचं काय झालं ते कळतं तिथं पहिल्या दिवशी थांबा.

मोबाइलवर तर पाहूच नका. का, ते एका प्रसंगातून कळेल. जय खाली पायरीवर माउथ ऑर्गन वाजवतोय आणि समोरच्या वाड्याच्या सज्जात राधा एकेक दिवा मालवत जातेय. संवाद एकही नाही. त्या दोघांमधलं अंधारं अंतर हाच तो प्रसंग आहे. सहा इंचांच्या काचेवर ते अंतर बोटभर उरतं आणि मग ‘इथं काही घडतच नाही’ असं वाटतं. ठाकूरच्या घरच्यांना मारतात त्या प्रसंगातली झोपाळ्याची करकर फोनच्या आवाजात ऐकूच येत नाही.

शेवटावरूनही गावात वाद होतात. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरनं तो बदलायला लावला, म्हणून तेव्हा चित्रपटगृहांत लागलेल्या प्रतीत पोलीस येऊन त्याला थांबवतात. मूळ शेवटाची सुमारे ३ तास २४ मिनिटांची आवृत्ती नंतर घरगुती प्रतींमधून फिरली. तेव्हा दोघंजण वेगवेगळा शेवट सांगत असतील तर दोघंही खरं सांगतायत.

एवढं करूनही नाही आवडला, तर ‘नाही आवडला’ असं खुशाल म्हणा. ते मत पुरं आहे.

प्रश्न : नवा ५५ इंची टीव्ही घेतला. त्यावर जुने-नवे सगळेच सिनेमे मालिकेसारखे, स्वस्तात काढल्यासारखे दिसतात. मुलगा म्हणतो सिनेमेच हलके आहेत. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : सिनेमे हलके नाहीत, टीव्हीची एक सोय चालू राहिली आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी बनतो. नवे टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची बनावट चित्रं घालून हालचाल गुळगुळीत करतात. क्रिकेटला ते बरं दिसतं. सिनेमात मात्र माणसं स्टुडिओत उभी असल्यासारखी दिसतात. सोनीवर याला ‘मोशनफ्लो’, सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’ आणि एलजीवर ‘ट्रूमोशन’ म्हणतात. चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच निवडा, म्हणजे हे आपोआप बंद होतं. ‘व्हिविड’ मोड दुकानातल्या ट्यूबलाइटसाठी असतो, घरात नको.

मग चित्राचा आकार पाहा. १९५० च्या आसपासचे सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवायला चित्र ताणलं की सगळे नट बुटके आणि रुंद होतात.

अंतरही महत्त्वाचं. ५५ इंची टीव्ही साडेपाच ते साडेसात फुटांवरून पाहायचा असतो. आपल्याकडे टीव्ही माजघरात एका भिंतीला आणि माणसं बारा फुटांवर पलीकडच्या भिंतीला टेकून. खुर्च्या पुढं घ्या, टीव्ही मोठा घेण्याची गरज पडणार नाही.

प्रश्न : आम्ही खेड तालुक्यातले. ‘तुंबाड’मध्ये आमचंच तुंबाड दाखवलंय का? आणि दहा वर्षांच्या नातवाला दाखवला तर चालेल? त्याला ‘मुंज्या’ फार आवडला. — एक आजोबा, खेड

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. ‘तुंबाड’ला ‘ए’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे १८ वर्षांखालच्यांसाठी तो नाही. ‘मुंज्या’ यूए आहे, म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली मुलांनी पाहायला हरकत नाही. त्यात भीतीच्या पाठोपाठ हसू येतं, म्हणून मुलं तो पचवतात. ‘तुंबाड’मध्ये तसा दिलासा नाही. नोव्हेंबर २०२४ पासून यूएचेही ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन गट झाले आहेत. सिनेमा निवडताना तो आकडा बघत जा. ‘भुताचा आहे’ एवढ्यावरून अंदाज लागत नाही.

आता गावाचं. नाव तुमचंच, गोष्ट मात्र तुमच्या गावची नाही. जगबुडीच्या काठचं तुंबाड महाराष्ट्राला ठाऊक झालं ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या दोन खंडांच्या कादंबरीमुळे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सिनेमाला नाव तिथून घेतलं, भयाची कल्पना नारायण धारपांच्या कथेतून घेतली, आणि हस्तर हा शापित देव, त्याच्याकडच्या सोन्याच्या मोहरा, माणसांना त्यांची सुटलेली हाव हे सगळं त्याभोवती रचलं. वाड्याचं चित्रीकरण घाटावर, सासवडला झालं. त्यामुळे ‘कादंबरीची वाट लावली’ ही तक्रार चुकीची आहे, ते कादंबरीचं रूपांतरच नाही. कादंबरी न वाचता सिनेमा पाहिला तरी काही अडत नाही.

सिनेमा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत चालतो. पहिला टप्पा नीट पाहिला नाही तर पुढं पिठाच्या बाहुल्या कशासाठी, पिठाचं रिंगण कशासाठी, हे कळत नाही आणि शेवट उगाच भयंकर वाटतो. म्हणून हा सिनेमा मधूनच लावू नये. शिवाय तो कंदिलाच्या आणि पावसाळी उजेडात घेतलेला आहे. अंधारात काही दिसेना म्हणून लोक टीव्हीचा ब्राइटनेस वाढवतात, तेव्हा काळ्याचा राखाडी होतो आणि भीती जाते. ब्राइटनेस आहे तिथंच ठेवा, खोलीतला दिवा बंद करा.

१२ ऑक्टोबर २०१८ ला तो पहिल्यांदा लागला तेव्हा गर्दी बेताची होती. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेहून जास्त चालला. लोकांचं मतही सहा वर्षांत बदलतं, तेव्हा गावातल्या एखाद्यानं २०१८ मध्ये दिलेलं मत आज प्रमाण मानायचं कारण नाही.

प्रश्न : ‘अशी ही बनवाबनवी’ दुसऱ्या सिनेमावरून उचललाय असं कळलं आणि मन खट्टू झालं. — एक वाचक, अलिबाग

उत्तर : कथेचा सांगाडा १९६६ च्या हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’चा आहे, हे खरं. पण १९८८ च्या मराठी सिनेमातलं हसू येतं ते वसंत सबनीसांच्या संवादांतून आणि अशोक सराफ-लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या टायमिंगमधून. ते कुठून उचलता येत नाही. मूळ हिंदी सिनेमा एकदा पाहा आणि दोन्ही शेजारी ठेवा. ‘नारबाची वाडी’ही मनोज मित्र यांच्या बंगाली नाटकावरून आलाय. तरी त्यातला नारबा आणि त्याची बाग कोकणाबाहेरची वाटते का बघा.

प्रश्न : मे महिन्यात चाकरमानी गावी येतात तेव्हा देवळासमोरच्या मांडावर मोठ्या पडद्यावर एक सिनेमा दाखवायचा आहे. दीडशे माणसं येतील. गेल्या वर्षी प्रयत्न केला, पण चित्र फिकट दिसलं, आवाज होता तरी संवाद कळले नाहीत, आणि पडदा वाऱ्यानं फाटला. काय करावं? आणि कुठला सिनेमा? — एका वाडीचं मंडळ, देवगड

उत्तर : तुमच्या तिन्ही अडचणींना वेगवेगळी कारणं आहेत, आणि तिन्ही सुटतात.

फिकट चित्राचं कारण बहुधा प्रोजेक्टर. लुमेन म्हणजे उजेडाचं माप. खोक्यावर लिहिलेल्या लुमेनच्या आकड्यावर जाऊ नका, ‘एएनएसआय लुमेन’ म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेले किती ते विचारा. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांवर नऊ-दहा हजार छापलेलं असतं आणि खऱ्या मोजणीत ते काही शेच भरतं. हिशेब सोपा आहे. पडद्याचं क्षेत्रफळ चौरस फुटांत काढा आणि लुमेनला त्यानं भागा. उत्तर १६ च्या आसपास आलं तर चित्रपटगृहाइतका उजेड पडतो. १२ फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच पडदा म्हणजे ८१ चौरस फूट. ३००० एएनएसआय लुमेनचा प्रोजेक्टर त्यावर ३७ देतो, म्हणजे मांडावरच्या एखाद्या दिव्याचा उजेड आला तरी निभावतं. तोच प्रोजेक्टर २० फुटी पडद्यावर १३ वर येतो. दीडशे माणसांना १२ ते १४ फूट रुंदी पुरे. मोठ्या पडद्याच्या मोहातच चित्र फिकट होतं.

प्रोजेक्टर किती लांब ठेवायचा ते त्याच्या थ्रो रेशोवर, म्हणजे अंतर पडद्याच्या रुंदीच्या किती पट हवं त्यावर ठरतं. रेशो १.५ असेल तर १२ फुटी पडद्यासाठी १८ फूट. भाड्यानं आणणार असाल तर हा आकडा आधीच विचारून घ्या, नाहीतर ऐन वेळी माणसं उठवून टेबल मागं-पुढं करावं लागतं.

दोन चादरी जोडून केलेल्या पडद्यातून निम्मा उजेड मागं निघून जातो आणि जोड नटाच्या तोंडावर येतो. फ्लेक्सची पांढरी मागची बाजू वापरा, पण चकचकीत नको, मॅटच घ्या. चकचकीत फ्लेक्सवर मध्यभागी दिव्याचा झोत दिसत राहतो. कापडच वापरायचं तर त्याच्या मागं काळं कापड लावा. खालची कड जमिनीपासून चार फूट वर हवी, म्हणजे पथारीवर मागं बसलेल्यालाही दिसेल.

आता वारा. मे महिन्यात संध्याकाळी तो समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो. ताशी २० किलोमीटरचा वारा समोरून लागला तरी ८१ चौरस फुटांच्या पडद्यावर सुमारे १५ किलोंचा जोर बसतो, आणि झुळूक दुप्पट वेगानं आली तर तो चौपट होतो. पडद्याचं शीड होतं ते असं. म्हणून पडदा उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून लावा, म्हणजे वाऱ्याला त्याची फक्त कड लागेल. मावळतीचा उजेडही त्यावर थेट पडणार नाही. चारही कडांना फुटाफुटावर रिंगा मारून घ्या. पडदा बांबूला घट्ट आवळू नका. वरून पक्का बांधा, बाजूंना आणि खाली थोडी सैल दोरी ठेवा. अचानक झोत आला की कापड फाटण्याऐवजी दोरी ताण घेते. दोन्ही बांबूंना पुढं-मागं ताण द्यायला विसरू नका.

संवाद न कळण्याचं कारण वेगळंच असतं. अलीकडच्या सिनेमांचा आवाज सहा वाहिन्यांत असतो आणि संवाद मधल्या वाहिनीवर. तुमच्याकडे डावा आणि उजवा असे दोनच स्पीकर. लॅपटॉपनं सहाचे दोन नीट केले नाहीत तर संगीत घुमतं आणि माणसं पुटपुटतात. प्लेअरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘स्टीरिओ’ निवडा, सेट-टॉप बॉक्समध्ये पर्याय असेल तर ‘पीसीएम’. स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, सहा-सात फूट उंचीवर. लग्नातला डीजेचा संच आणला असेल तर बास निम्म्यावर आणा. आवाज वायरनंच न्या. ब्लूटूथनं तो किंचित उशिरा पोहोचतो, मग ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. घरघर ऐकू आली तर अ‍ॅम्प्लिफायर आणि प्रोजेक्टर एकाच बोर्डावर आहेत का ते पाहा. दोन ठिकाणांहून वीज घेतली की ती घरघर येते.

दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर त्याला यूपीएस लावाच. वीज गेली की आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा थंड न होता राहतो, महागडा दिवा तिथंच जातो. किड्यांसाठी प्रोजेक्टरपासून दूर, प्रेक्षकांच्या मागं एक दिवा ठेवा. डिसेंबर-जानेवारीत कार्यक्रम केलात तर दंवानं लेन्स धूसर होते. त्या दिवसांत प्रोजेक्टर अर्धा तास आधी चालू करून ठेवावा आणि वर छप्पर धरावं.

परवानग्यांबद्दल एक मोठा गैरसमज आहे: ‘तिकीट लावलं नाही म्हणजे कुणाला विचारायला नको.’ तसं नाही. ओटीटीचं खातं घरच्यापुरतं असतं. मांडावर दाखवणं हे जाहीर प्रदर्शन, त्याला निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी लागते. मराठी सिनेमांच्या निर्मात्यांना गावच्या मंडळानं नीट पत्र लिहून विचारावं, तारीख आणि अंदाजे प्रेक्षकसंख्या कळवावी, महिनाभर हाताशी ठेवावा. सिनेमाचा स्वतःचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणून १९५३ चा ‘श्यामची आई’ त्या बाजूनं मोकळा आहे. पण गीतकार, संगीतकार, पटकथाकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात, तेव्हा तिथंही विचारणा करावीच. पोलीस ठाण्यातून लाउडस्पीकरची परवानगी घ्या आणि तहसील कचेरीत लेखी कळवा.

रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, आणि सिनेमा त्यावरूनच निवडायचा. मेमध्ये सूर्य सातच्या सुमाराला बुडतो, पुरता अंधार साडेसातला. हातात उरतात अडीच तास, त्यात मध्यंतर. ‘सैराट’ जवळपास तीन तासांचा, तो इथं बसत नाही. शेवटची वीस मिनिटं कापावी लागली तर ‘सैराट’ दाखवलाच नाही म्हणा. आमची पसंती ‘नारबाची वाडी’ला. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे हसतील, आणि वाडी विकायची की राखायची हा विषय चाकरमान्यांच्या घरोघरी चाललेला आहेच. दिलीप प्रभावळकर त्यात नारबा झालेत. नातवंडांना त्यांचा पुढं २०२५ चा ‘दशावतार’ दाखवा. ‘श्यामची आई’ ठरलाच तर तुमच्या पडद्यावर तो मधोमध नऊ फूट रुंदच दिसेल. तो तसाच ठेवा.

प्रश्न : ‘दृश्यम’ हिंदी पाहिलाय. मूळ मल्याळम पाहायची गरज आहे का? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : गरज नाही, पण पाहिलात तर वेळ फुकट जाणार नाही. २०१३ च्या मूळ सिनेमात मोहनलाल सुरुवातीला इतका साधा, चिकट, घरगुती माणूस वाटतो की पुढचं काही सुचतच नाही. निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये तीच गोष्ट गोव्यात आणली आणि पकड आधीपासूनच घट्ट केली, शिवाय तब्बूची पोलीस अधिकारी आहे. रहस्य ठाऊक असल्यानं दुसऱ्यांदा पाहताना तुम्ही नटांकडे पाहाल, हाच फायदा. मल्याळम पाहायचाच तर हिंदीत डब केलेला नको, मूळ आवाज आणि खाली अक्षरं. वाचायला पहिली दहा मिनिटं जड जातात, मग डोळे सरावतात.

प्रश्न : ‘किल्ला’ला बर्लिनमध्ये बक्षीस मिळालं म्हणून घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. काही घडतच नाही हो! — एक वाचक, गुहागर

उत्तर : बक्षीस कुणी दिलं ते पाहा. २०१४ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला मिळालेलं क्रिस्टल बेअर मुलांच्या ज्यूरीनं दिलेलं होतं. अकरा वर्षांच्या चिन्मयच्या उंचीवरून पाहिलं तर त्यात फार काही घडतं. वडील गेलेत, आईची बदली झालीय, शाळा नवी, मित्र नवे. मुलं सायकलींची शर्यत लावत किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळतो आणि चिन्मय आत एकटा अडकतो. मित्रांना हाका मारतो, उत्तर येत नाही. बाकीचे त्याला टाकून गेलेत हे त्याला कळतं त्या क्षणी कुणी काही बोलत नाही, नुसता दगडावर पाऊस वाजत राहतो. पुढं मैत्रीत जो काही अबोला येतो तो इथून आलेला आहे. हा प्रसंग चालू असताना कुणी चहाला उठलं असेल तर पुढचा सिनेमा त्याला रिकामाच वाटणार.

दिग्दर्शक अविनाश अरुण हे मुळात छायालेखक. त्यांनी गोष्ट पावसातून, भिजलेल्या चिऱ्यांच्या भिंतींतून आणि समुद्राच्या रंगातून सांगितली आहे. तुम्ही गुहागरचे, तो पाऊस तुम्हाला रोजचा, म्हणून नजर त्यावरून घसरत असेल. पुन्हा पाहायचा झाला तर पावसाळ्यात पाहू नका, कौलांवरच्या आवाजात सिनेमातला पाऊस ऐकू येत नाही. डिसेंबरातल्या एखाद्या रात्री, पंखा बंद करून पाहा.